तिचा पासवर्ड कोनाले माहीत हाये?

मंगरूळपीरच्या ज्या वाचनालयात मी कामाला लागले, तिथे चार संगणक होते आणि चारही संगणकांना मिळून एकच पासवर्ड होता. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक पडद्याच्या वर चिकटवलेला होता. सचिवांनी मला काम समजावून सांगितलं ते असं: सकाळी चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे आणि कोणी गाणी मोठ्यानं लावली तर रागवायचं.

एक दिवस एक शिक्षिका आपला मेल उघडाच ठेवून उठून गेली. तिच्या जागी सोयाबीनचा भाव पाहायला आलेले एक गृहस्थ बसले. त्यांना जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय होती. त्यांनी तिचा बदलीचा अर्ज पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचून काढला. ती बसस्टँडवर पोचली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, ‘‘काहून मॅडम, आमाले सोडून चालल्या म्हनते?’’

त्यानंतर मी ठरवलं की येणाऱ्या प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन करायचं. सचिव म्हणाले, ‘‘लोक विसरतीन. मंग तूच बसशीन बदलून देत.’’

‘‘बसीन,’’ मी म्हणाले.

माझं घर पत्रकांचं. मजुरीचा प्रश्न असो, पाण्याचा असो की शाळेचा, वडिलांच्या चळवळीची पत्रकं छापून यायची ती आमच्याच ओसरीवर, आणि घड्या घालायला आम्ही सगळे बसायचो. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. ‘जाहीर’ हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होता. त्यामुळे लॉगिनचे नियम लिहायला बसले तर तेही पत्रकच झालं. ‘नागरिकहो! पासवर्ड ही तुमची स्वतःची मिळकत आहे. ती नवऱ्याला, बापाला, साहेबाला, पुढाऱ्याला देऊ नका. वाचनालयालाही देऊ नका.’ सचिवांनी त्यातला फक्त ‘पुढाऱ्याला’ हा शब्द खोडायला लावला आणि बाकीचं भिंतीवर लागलं.

व्यवस्था साधी होती. पडद्यावर सगळ्यांची नावं दिसत. आपल्या नावावर दाबायचं आणि पासवर्ड टाकायचा. तीनदा चुकला की ते नाव बंद पडे आणि मी माझ्या संगणकावरून ते पुन्हा सुरू करी. कोणाचाही पासवर्ड मला दिसत नसे. फार तर जुना मोडून नवा देता येई. हे मी शंभरदा सांगितलं असेल, पण कोणाला पटलं नाही. मला सगळं दिसतं आणि मी भाव खाते, असंच लोकांना वाटायचं.

पत्रकाचाही काही उपयोग झाला नाही. सायकल दुकानवाले चाचा रोज दुपारी उर्दू पेपर वाचायला येत आणि दारातूनच ओरडत, ‘‘बेटा, मेरा पासवर्ड क्या था?’’ तीन खुर्च्यांवरून एकदम उत्तर येई. निम्म्या लोकांचा पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी चिडले की लोक हसायचे. ज्यांच्यासोबत चहा घेतो त्यांच्यापासून लपवायचं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं, असा सरळ हिशोब होता. घरातला एक फोन लहानापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना उघडता येतो. गावात कोणी निघालं तर शेजारी त्याच्या हाती एटीएमचं कार्ड देतो आणि आकडाही सांगतो. ही माणसं अडाणी नव्हती. एकट्याचं असं काही असतं, हेच इथे कोणाला माहीत नव्हतं.

माझं पत्रक खरं मानलं ते एका मुलीनं. मानोरा रस्त्यावरच्या एका गावची होती, बारावी झालेली, नर्सिंगच्या प्रवेशासाठी एसटीनं यायची. खिडकीजवळच्या संगणकावर बसायची आणि पासवर्ड टाकताना हातांवर ओढणी धरायची. चाचा छेडायचे, ‘‘क्या खजाना छुपा रही है बेटी?’’

‘‘हाये ना चाचा. खजानाच हाये.’’

प्रवेशाच्या साइटवर तिनं कॉलेजांचा पसंतीक्रम भरला. पहिलं नागपूरचं, मग अकोल्याचं, मग वाशीमचं. त्या साइटचा पासवर्ड तिनं आमच्या संगणकात, स्वतःच्या लॉगिनमध्ये साठवून ठेवला होता. मी हटकलं तर म्हणाली, ‘‘लंबा ठेवला ताई, ध्यानात नाही राहत. इथं दुसऱ्या कोनाले उघडता येते का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

पसंतीक्रम बदलायचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादी कायम करायची होती. तिनं अजून केली नव्हती, चार वाजताच्या गाडीनं येणार होती. दुपारी डोक्याला दुपट्टा बांधलेले एक गृहस्थ आले आणि सरळ खिडकीजवळ जाऊन बसले. ते तिचे काका. वडील पुण्याला कंपनीत कामाला होते आणि घरचा कारभार काकांकडे होता. त्यांनी पडद्यावर तिचं नाव शोधलं. गावाचं नाव आणि एक-दोन-तीन टाकलं. मग तिचं नाव आणि एक-दोन-तीन. मग तिच्या आईचं. लॉगिन बंद पडलं.

काका खुर्चीवरूनच सगळ्या हॉलला म्हणाले, ‘‘हिचा पासवर्ड कोनाले माहीत हाये का हो?’’

चाचांनी चष्मा वर केला. ‘‘सबका मालूम है भाई. उसकाच नहीं मालूम.’’

मग काका माझ्या टेबलाशी आले. ‘‘मॅडम, एवढं उघडून द्या.’’

‘‘तिला येऊ द्या. ती आली की उघडते.’’

‘‘ते कायले पाह्यजे? मी तिचा काका हाये. वाशीम पहिल्या नंबरवर टाकतो आन जातो.’’

‘‘तिला सांगा ना मग.’’

‘‘सांगतलं. आयकत नाही. साइटचा पासवर्ड बदलाले वहिनीच्या फोनवर थो ओटीपी येते म्हनते, तर वहिनी फोनच देऊन नाही राह्यली.’’

ते दुष्ट नव्हते. परीक्षेला तिला गाडीवर बसवून त्यांनीच नेलं होतं आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर तेच उभे होते. ते म्हणाले, ‘‘नागपूरले आपलं कोन हाये? पोरगी बिमार पडली तर रातच्याले कोन जाईन?’’ खोटी काळजी मला लगेच ओळखू येते. ही खरी होती. आणि खऱ्या काळजीला काय उत्तर द्यायचं, हे आमच्या घरच्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

‘‘काका, तिच्या जागी मी नाही उघडून देत,’’ मी म्हणाले.

आता मी मॅडमची ‘पोरी’ झाले. ‘‘पोरी, वाचनालय गावाचं, पोरगी आमच्या घरची. मधात तुहं काय हाये?’’

त्यांनी सचिवांना फोन लावून स्पीकरवर टाकला. सचिव म्हणाले, ‘‘अवं दे ना उघडून. घरचेच हायेत.’’

‘‘घरचे आहेत. पण लॉगिन तिचं आहे.’’

‘‘संध्याकाळी ये माह्याकडे. तुले ठेवाचं का नाही, पाहू.’’ फोन बंद झाला.

मी काकांना खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. ‘‘मी उघडू शकते काका. पण त्यासाठी तिचा जुना पासवर्ड मोडावा लागतो. ती आली की तिचा चालणार नाही. तिला कळेल की कोणीतरी मोडला. कोणाच्या सांगण्यावरून, ते मी स्वतः तिला सांगेन.’’

‘‘तिले न कळता नाही होत?’’

‘‘नाही.’’

त्यांच्या मनातली गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली. यादी गुपचूप बदलायची, तिनं ती न पाहताच कायम करायची, वाशीमला नंबर लागायचा आणि तिला वाटायचं की नागपूर मार्कांमुळे हुकलं. भांडण नाही, रडणं नाही, घर शांत. मला संताप आला. मला तेव्हा मोठं भाषण करता आलं असतं. पण चाचा आपला चहा बशीत ओतून काकांपुढे सरकवत होते.

‘‘लो मियाँ. और लड़की को बुला लो. घर की ही है ना?’’

काकांनी चहा घेतला आणि फोन लावला. ती गाडीतच होती.

ती आली तेव्हा काका खिडकीजवळच उभे होते. मी तिचं बंद पडलेलं लॉगिन सुरू करून दिलं. पासवर्ड तिचा तोच राहिला. ती खुर्चीवर बसली आणि कीबोर्डवर हात ठेवून तशीच थांबली.

‘‘काका, तिकडं पाहा.’’

काकांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. आणि पेपरांच्या स्टँडकडे तोंड करून उभे राहिले. सहा फुटांचा माणूस, ती ‘झालं’ म्हणेपर्यंत हलला नाही.

‘‘झालं. या, पाहा. हे नागपूर.’’

‘‘आन वाशीम?’’

‘‘तिसरं.’’

‘‘पहिलं कर.’’

‘‘नाही करत.’’

‘‘बिमार पडशीन तर?’’

‘‘दवाखान्यातच तर राहीन काका.’’

मागून कोणीतरी हसलं. काकांनी वळून पाहिलं तशी हसणारी मान खाली गेली. मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘‘दुसरं करतो. तुमच्यासाठी. अकोला खाली नेतो. पहिलं नाही हलवत.’’

काका पडद्याकडे पाहत राहिले. तिनं वाशीम एक घर वर सरकवलं आणि यादी कायम करायच्या बटणावर बाण नेऊन थांबवला. त्यांची परवानगी ती मागत नव्हती. पण त्यांना पाहायला मात्र वेळ देत होती. मग तिनं बटण दाबलं.

‘‘आता कोनालेच नाही बदलता येत?’’ काकांनी विचारलं.

‘‘मलेही नाही.’’

काकांनी दुपट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि म्हणाले, ‘‘चाल. गाडी गेली असंन आता. मोटरसायकलवर माह्यामागं बस. नंबर लागला तर होस्टेल पाह्यले मी येईन. एकटी जाऊ नोको.’’

‘‘या ना,’’ ती म्हणाली, आणि उठायच्या आधी तिनं आपलं लॉगिन बंद केलं.