झेंड्याची गाठ

सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी मीच ओढणार, असं ग्रामपंचायतीत बोलून तर बसले. आदल्या पंधरा ऑगस्टला मी सरपंच असून बाजूला उभी होते. दोरी ओढली आमच्या मालकांनी. "बाईमाणसाला जमायचं न्हाई," असं सगळ्यांचं म्हणणं! पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, राखीव जागेवर निवडून आलेली बौद्धवाड्यातली मी बाई. ज्या घटनेनं मला त्या खुर्चीत बसवलं, तिच्याच दिवशी तोंड मिटून उभी राहू? मग जळो ते सरपंचपद!

पण गाठ सुटलीच नाही तर? आठ दिवस परसातल्या लिंबाला दोरी टांगून, लेकीच्या ओढणीत झेंडूच्या पाकळ्या बांधून मी झटके देत होते. सुरगाठ दहादा सुटायची, अकराव्यांदा अडकायची, की पुन्हा पहिल्यापासून. मालक उंबऱ्यातून बघायचे, माझ्याइतकेच धास्तावलेले. शेवटी म्हणाले, "झेंडा मी बांधतो. तू नुस्ती वढ." मी बरं म्हटलं.

सव्वीसच्या सकाळी शाळेची पोरं रांगेत, सगळं गाव गोळा. मी झटका दिला. काही नाही. दुसरा दिला. वर गाठोडं तसंच. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आता मालकालाच वढू द्या," एक म्हातारा पुढारी म्हणाला.

मालकांचा चेहरा पांढराफटक. पण ते जागचे हलले नाहीत. "मी न्हाई. सरपंच ती हाय," एवढंच बोलले.

मी झेंडा खाली घेतला आणि गाठ बघताच ओळखली. आमच्या कडब्याच्या भाऱ्याला असते तशी पक्की निरगाठ! वर चढताना मधेच सुटून माझं हसं होऊ नये, म्हणून मालकांनी करकचून आवळली होती. नखांनी निघेना, तेव्हा दोरी दातात धरली.

"अगं, झेंडा उष्टा केला की!" तोच पुढारी ओरडला.

माझी आई जन्मभर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्याली, ती ह्याच बोलण्याला भिऊन. संतापानं डोळे भरून आले, गाठ दिसेना. तरी दात सोडले नाहीत.

सुटली. मी माझ्या हातानं सुरगाठ मारली, झेंडा चढवला, डोळे मिटून ओढला. पाकळ्या तोंडावर पडल्या. पोरांनी राष्ट्रगीत धरलं. मी हळूच बाजूला पाहिलं.

पुढारी ताठ उभा होता. त्या उष्ट्या झेंड्याला सलाम ठोकून.