गेटजवळची देवी

मैत्रिणींनो, आज सोसायटीच्या भिंतीसाठी गेरू आणि पांढरा रंग आला, साडेआठशेला. गेटजवळ लोक थुंकतात, म्हणून रंगाऱ्याकडून तिथेच वारली लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, काढून घेतला. आपल्या सिल्वासाची ओळखही दिसेल, असं वाटलं.

संध्याकाळी उद्घाटनाला शेजारच्या सुनीताबेनना लग्नातलं गाणं म्हणायला बोलावलं. त्या स्वतः वारली आहेत. चौक पाहून त्या थबकल्याच.

"ही आमची पालघाट देवी. लग्नघरात आमच्या बायका गाऊन तिला बोलावतात. तिला इथे बसवलंत?"

आमच्या सोसायटीतली एक जण हसली, "अहो बेन, देवी बघून तरी थुंकणार नाहीत ना!"

"मग तुमची कुलदेवी बसवा की."

माझ्या सप्तशृंगीला मी तिथे कधीच बसवलं नसतं.

सुनीताबेन न गाता घरी गेल्या. रंगारी म्हणाला, "चुना मारून टाकतो." गाऊन बोलावतात त्या देवीला नुसतं चुन्याने पुसायचं कसं? मी त्याला थांबवलं आणि चित्र झाकायला त्यावर माझी धुतलेली साडी लावली.

आता त्यांच्या दारी माफी मागायला जाते आहे. पण देवीला निरोप द्यायला तुम्ही गाल का, असं त्यांना विचारायचा हक्क आम्हाला उरला आहे का? तुम्हाला काय वाटतं, ते लगेच लिहून कळवा.