पाणी असलेली विहीर

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो. दवाखान्यात वाचायला म्हणून एक जाड रहस्यकथा पिशवीत घेतली होती. त्याच्या मुलानं एवढंच सांगितलं, "काका, आता येऊ नका. आमीच घेऊन निघालोत." गाडी लागली, भरली, गेली. मी बाकावर बसून राहिलो...

या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना वसंता माहीत असेल, तो त्याच्या एकुलत्या एका कादंबरीमुळे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसानं निवृत्तीनंतर रहस्यकादंबरी लिहिली याचं आमच्याकडे आधी कौतुक झालं, आणि ती वाचून झाल्यावर लोक चिडले. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. आमची मैत्री रहस्यकथांवरच जमली. पुस्तक परत करताना त्याची एक तक्रार ठरलेली असे. "खुनी बराबर पकडला रे. पण मेलेल्याच्या घरी पुन्हा कोणी गेलंच न्हाई."

त्याचं गाव डोंगरकडा गावाच्या अलीकडे. तिथला माणिक नावाचा शेतकरी, थोडी जमीन आणि थोडी मेंढरं असलेला, फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात नाहीसा झाला. चपला कालव्याच्या काठावर सापडल्या, प्रेत सापडलं नाही. कोणी म्हणालं वाहून गेला, कोणी म्हणालं गोसाव्यांबरोबर गेला. चौकशी झाली आणि विझली. त्याची बायको केवळाबाई दोन लेकरं घेऊन राहिली. प्रेत नाही, म्हणून तिचं कुंकू राहिलं.

बऱ्याच वर्षांनी वसंताच्या मनात एक प्रश्न शिरला. माणिक गेला त्याच उन्हाळ्यात त्याच्या चुलतभावानं बांधालगतची जुनी विहीर बुजवली होती. वसंतानं मला ग्रंथालयातच विचारलं, "सांग बरं, आपल्याकडं पाणी असलेली विहीर कोणी बुजवतं का?"

"ढासळली असेल."

"ढासळली तर बांधून काढतेत. घागरभर पाण्यावरून डोकी फोडणारी माणसं आपण. अन् मी त्या विहिरीत पोहायला शिकलोय, भर उन्हाळ्यात."

तिथून तो हटला नाही. सुट्टीच्या दिवशी गावी जायचा, हॉटेलात चहा घेत बसायचा, माती कोणी टाकली, कधी टाकली, विचारत राहायचा. लोक टिंगल करत. "आले बगा आपले सीआयडी! सर, माही कोंबडी गेली, तेवढी हुडकून द्या." तोही हसायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा. दोघा भावांत बांधावरून वाद होता, हे त्याला कळलं. बोअर घेतल्यामुळे विहीर नको झाली असं चुलतभाऊ सांगे, पण बोअर त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी पडला होता, हेही कळलं.

कादंबरीत त्यानं हे सगळं घातलं. तिचा नायक भूगोलाचा मास्तर. धागे जुळवत तो बुजवलेल्या विहिरीपाशी येतो, थोडा वेळ उभा राहतो... आणि परत फिरतो. तिथंच पुस्तक संपतं. वाचकांची पत्रं आली, फसवलंत म्हणून. मीही म्हटलं, "वसंता, कादंबरीत तरी उकर की!" त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "तिथं तर मुळीच न्हाई उकरता येत." हा लेखकाचा काहीतरी नवा प्रकार असावा, असं समजून मी विषय सोडला.

चुलतभाऊ गेल्या वर्षी वारला. आता वसंता.

तेराव्याच्या जेवणानंतर मी त्याच्या खोलीत पुस्तकं लावत होतो. वहिनींनीच सांगितलं होतं. एक बाई दारात येऊन बसली. साठी ओलांडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तुमीच ते पुस्तकवाले भाऊ ना? मी केवळा. माणिकची."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"सरानं मला आदी वाचून दाखवलं व्हतं. विहीर उकरतेत, हाडं निघतेत, ते समदं. मीच म्हनलं, ते फाडा."

"काहून हो?"

"काहून म्हंजे? उकरलं की माझं कपाळ पांढरं. पोरगं त्या चुलत दिराला काका म्हनायचं, पोरीचं लगीन त्यानंच लावून दिलं. पोराला कळलं असतं तर कुऱ्हाड घेतली असती त्यानं. नवरा गेला, वर पोरगं जेलात धाडू का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं..."

"सराच्याबी आदीपासून. त्या वावरात हळद हाय आता. दीर व्हता तवर दर संक्रांतीला जाऊ तीच हळद मला लावायची. मी लावून घ्यायची."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सरानं शब्द दिला व्हता. मी सवाष्ण गेले की मंग उकरायचं, नवऱ्याची माती करायची. सर माझ्यासाठी थांबले... अन् तेच आदी गेले."

तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. पुस्तकांच्या धुळीनं मला खोकला लागला होता.

"आता तुमच्यावर टाकावं, तर तुमीबी खोकून राहिले," ती म्हणाली. "न्हाई भाऊ, आता कोणाच्या भरवशावर ठेवायचं न्हाई. उद्या पोलीस ठाण्यात चला माझ्यासंगं. पोराला मी सांगितलंय; कुऱ्हाड उगारायला आता तो दीरच ऱ्हायला न्हाई."

मी गेलो. बरेच खेटे झाले, पण परवानगी निघाली. हळदीच्या ओळी मोडून जेसीबी लागला आहे. वसंताच्या फाडलेल्या पानांत हे काम किती ओळींत उरकलं होतं, कोण जाणे. इथं खाली पाणी लागलं. दिवसा पंपानं उपसतात, सकाळपर्यंत पुन्हा भरतं. अजून काही निघालेलं नाही. निघेल की नाही, निघून तरी आता शिक्षा कोणाला, मला ठाऊक नाही.

सुट्टीच्या दिवशी वसंता जायचा तसा आता मी जातो. केवळाबाई रोज अंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून बांधावर येऊन बसते. शेजारी मुलगा उभा असतो. जेसीबीची बादली वर आली की दोघं मान पुढं काढून बघतात. नुसता चिखल असतो. संध्याकाळी मशीन थांबलं की ती उठते, लुगड्यावरची माती झटकते आणि कुंकवासकट घरी जाते.