आजीची वही आणि दादाची फरदड

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. पिंपळगाव राजा, दिनकरदादाचं शेत. हजर: माझा चुलतभाऊ दिनकरदादा, शोभावहिनी, बांधशेजारी सलीमभाई, खामगावहून आलेले दादाचे मित्र आणि आजीची वही घेऊन मी.

पुण्याहून बसने खामगाव, तिथून काळीपिवळी. वाटेत दादाचे सारखे फोन: वही घेतलीस ना? आजीच्या रोजनिशीचं त्याला पुस्तक काढायचं होतं, आणि त्याआधी शेतात जाहीर वाचन. आजी दिवसभराची कामं दोन-तीन ओळींत लिहून ठेवायची. म्हैस आटली, लोणचं घातलं, पाहुणे आले आणि एकदाचे गेले. दादाने फलक लावला होता: 'सोनेरी दिवसांचा सुगंध'. सुगंधावर आजीची एकही ओळ नाही. शेणावर भरपूर आहेत.

शेत पाहून मी थबकले. वेचणी कधीच संपली होती, तरी कपाशी हिरवीगार उभी. ही फरदड (हंगामानंतरही पाणी देऊन राखलेली कपाशी). चार बोंडं जास्त मिळावीत एवढाच हेतू. सलीमभाईंनी एक बोंड फोडून माझ्यापुढे धरलं. आत गुलाबी अळी. बीटी कपाशीला ही अळी लागतच नाही, असं दादा पूर्वी गावभर सांगत फिरला होता. आता तीच अळी तो पाणी देऊन पोसत होता. बांधापलीकडे सलीमभाईंचं रान नांगरून स्वच्छ. अळी इथे तगली की पुढच्या हंगामात आधी त्यांच्या कपाशीत शिरणार. गेल्या वर्षी त्यांचं अर्धं पीक असंच गेलं. कपाशी उपटून टाका, असं संक्रांतीपासून ते दादाला सांगत होते.

जेवण मात्र चोख. वहिनीची कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, हरभऱ्याची भाजी, ठेचा. मित्रमंडळींनी भाकरीचे फोटो काढता काढता ती थंड केली.

मग वाचन. दादाने गळा दाटून आणला. "आज पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटून झाली. वावरात काडी ठेवली नाही. वर्षाचं जळण झालं. संध्याकाळी पिठलं." पिठल्याशी त्याने डोळे पुसले. मित्रांनी माना डोलावल्या. त्याच्या पाठीमागे त्याचीच पऱ्हाटी डोलत होती.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "दिनकरभाऊ, आमाले नुसतं वाचून दाखवून राह्यले, का सोताही ऐकून राह्यले?"

वहिनी पदराआड हसली.

"ते दिवस गेले हो आता," दादा म्हणाला.

"दिवस गेले, मंग अळी काऊन नाही गेली? मले पावसाळ्यात पुन्हा कपाशीच लावा लागते."

"पाहू. पुस्तक निघू द्या पहिले."

मी त्याच्या हातातून वही घेतली आणि पिशवीत टाकली. वावर मोकळं झाल्याचा फोटो पाठव, मग वही पाठवते, असं सांगितलं.

"वही काय तुह्या एकटीची हाय?"

"नाही. आणि अळी तुझ्या एकट्याची आहे?"

परतीच्या काळीपिवळीतून वळणापर्यंत ते हिरवं शेत दिसत राहिलं. आजीचं सगळं जपायला निघालेल्या दादाला तिचं एवढं एकच काम जड गेलं. पुण्याला पोचल्यावर वही कपाटात ठेवली, प्रवासाच्या यादीतल्या एक सोडून बाकी कामांवर रेघा मारल्या. चार दिवसांनी वहिनीचा फोटो आला: बांधालगतची एक ओळ तिने एकटीने उपटली होती आणि चुलीपाशी रचली होती.

बाकीचं शेत उभं आहे. यादीतल्या 'दादाला वही देणे' या कामावर मी अजून रेघ मारलेली नाही.