ठसा जुळवायचा फोन

माझ्या मावशीला आम्ही भाचरं पाठीमागे फौजदार म्हणतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती चष्मा लावून वाचते आणि दारात आलेल्या माणसाला आधी खिडकीतून नीट न्याहाळते. तिचं मशीनवर भरतकाम करून देण्याचं दुकान आहे: डॉक्टरांच्या कोटावर नावं, बाळांच्या दुपट्यांवर बदकं. मशीनला चित्र कळत नाही, टाके कळतात; चित्राचे टाके करून देणारा प्रोग्राम कॉम्प्युटरवर असावा लागतो. तिचा जुना प्रोग्राम बंद पडला, नवा एकही मनाला येईना, तेव्हा प्रोग्राम लिहिण्याचीच नोकरी केलेल्या माझ्या मामाने तिच्यासाठी स्वतःच एक लिहिला.

अडचण एवढीच की बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मामा हौसेने घड्याळं दुरुस्त करायचा आणि त्या जोरावर त्याने आजोबांचं शिलाई मशीन तेलपाणी करायला खोललं. ते आजतागायत जोडलं गेलेलं नाही. मावशी चिडली, तर या पठ्ठ्याने सगळे सुटे भाग डब्यात भरून तिच्या घरी पाठवून दिले. झालं, अबोला पक्का झाला.

प्रोग्राम पाठवतानाही त्याने सोबत एक अक्षर लिहिलं नाही. मावशीने तो उघडायला घेतला आणि अँटीव्हायरसने लाल पाटी दाखवली: धोकादायक फाइल, अडकवून ठेवली आहे.

"वाटलंच होतं," मावशी म्हणाली.

मी तिला समजावलं. घरी लिहिलेला प्रोग्राम अँटीव्हायरसच्या ओळखीचा नसतो, म्हणून तो उगाच संशय घेतो. वाटेत कुणी छेडछाड केली नाही ना, एवढं पाहायचं तर फाइलचा ठसा जुळवायचा. ठसा म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये एक टिंब हललं तरी ती सगळी बदलते. मामाकडची ओळ आणि इथली ओळ एकच निघाली, की फाइल त्याचीच.

"आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते कोण सांगणार?" मावशीने विचारलं.

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मामा एकेक आकडा सांगत होता आणि मावशी पडद्यावर बोट ठेवून नुसतं 'हं' म्हणत होती. ओळ जुळली, फोन बंद. मी तेवढी एक फाइल सोडवली, अँटीव्हायरस चालूच ठेवला.

पण मामाला कुठलं स्वस्थ बसवतंय! तो सारख्या सुधारणा करायचा. नवी फाइल, नवा ठसा, पुन्हा लाल पाटी, पुन्हा फोन. हळूहळू आकड्यांमध्ये मामाचा खोकला शिरला, मग त्यावरचं औषध, मग मावशीचा गुडघा. पुढेपुढे एक ओळ जुळवता जुळवता दोघांचा चहा गार व्हायचा.

मग मी शहाणपणा केला. अँटीव्हायरसच्या कंपनीला फाइल पाठवून कळवलं की तुम्ही निरपराध प्रोग्रामवर आळ घेताय. त्यांनी चूक मान्य केली, त्या ठशाची फाइल निर्धोक म्हणून नोंदवली आणि लाल पाटी गेली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

एव्हाना प्रोग्रामही पुरा झाला होता. मामाला सुधारायला काही उरलं नाही आणि मावशीला फोन करायला निमित्त. नुसतं 'कसा आहेस' विचारायला फोन करणं दोघांच्याही स्वभावात नाही. मावशी बदकांवर डाफरू लागली. मामी म्हणाली, हे फोन शेजारी घेऊन बसतात आणि कुणाचा येणार म्हणून विचारलं तर चिडतात. मला फार वाईट वाटलं. दोघांना बोलतं ठेवणारी एकच गोष्ट होती, ती मीच दुरुस्त करून बसले होते.

एके सकाळी दुकानात शिरले तर पडद्यावर लाल पाटी, आणि मावशीचा चेहरा खुललेला. मामाची नवी फाइल आली होती. फोन तिने स्वतःच लावला. ठसा जुळला, फाइल सोडवली. तिने प्रोग्राम इकडून तिकडून तपासला, पण नवीन काहीच दिसेना.

"दादा, यात बदललंस काय?"

पलीकडे मामा जरा घुटमळला. "विशेष काही नाही. वरच्या पट्टीचा निळा रंग थोडा फिकट केला."

"एवढ्यासाठी नवी फाइल?"

"अगं, ठसा बदलायला तेवढं पुरतं."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मग पुढच्या आठवड्यात परत गडद कर," ती म्हणाली.