लोधिवलीच्या मोरीवरचं पंक्चर

परवा सकाळी साडेनऊला लोधिवलीजवळच्या मोरीवर जीपचं मागचं चाक बसलं. जीप मामाची, चालवणारा मी. आणि मागच्या सीटवर शैला... अकरा वाजता पनवेलच्या एका शाळेत तिची मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखत.

शैला म्हणजे कर्जतला लागून असलेल्या दहिवलीच्या अण्णांची मुलगी. अण्णांचं पंक्चरचं दुकान आहे, सायकलपासून टेंपोपर्यंत सगळं काढतात. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं (सरांशी वाजलं, चूक माझी नव्हती, असो), तेव्हापासून माझी सायकल आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायला लागली. दुपारी दुकानात शैला बसते... एवढं सांगितलं की पुरे.

दिवाळीच्या आधी अण्णांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझी ट्यूब उजेडात धरली. "खिळा नाय, काटा नाय... ही टाचणीची भोकं हायत रं! कालेज सुटलं, आता ह्यो उद्योग काय?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. हातातला पंप आपटला आणि सांगून आलो, यापुढे माझं पंक्चर मी काढीन, या पायरीला पाय लावणार नाही.

आणि काढून दाखवलं! मुंबईहून किट आणलं. एका पत्र्याच्या डब्यात टायर उचकटायच्या दोन टॉमी, कानस, सोल्यूशन आणि रबराचे पॅच. पायाने मारायचा पंप वेगळा. कॉलेजात दोन वर्षांत जेवढं डोक्यात शिरलं नाही तेवढं या डब्याने पंधरा दिवसांत शिकवलं. मामाच्या जीपची तीन पंक्चरं मी एकट्याने काढली.

राहिली फक्त स्टेपनी. चार दिवस बसलेलीच होती. आज काढू, उद्या काढू... दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरने ती जाता जाता अण्णांकडे टाकली असती. मी मेलो तरी टाकणार नव्हतो.

परवा नेमकी त्या बापलेकीची एसटी चुकली. कर्जत स्टँडबाहेर पनवेलला निघालेली एकच जीप, माझी. अण्णा घुटमळले. शैला सरळ चढून बसली.

चाक बसल्यावर अण्णा खाली उतरले आणि आधी स्टेपनी दाबून पाहिली. "ही बी बसलेली. ड्रायवर तेवढा फुगलेला हाय."

मी किटचा डबा काढला. "वीस मिनिटं द्या," म्हटलं. अण्णांचा भरवसा नव्हताच, ते हमरस्त्यावर गाड्यांना हात करत उभे राहिले. एक एसटी आली, खचाखच भरलेली... थांबलीच नाही.

मी जॅक लावला, चाक काढलं, टायरवर नाचून तो रिंगेतून सोडवला. मोरीखालच्या पाण्यात ट्यूब धरली, बुडबुडे सापडले. घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, पॅच ठोकला. सगळं शैलाच्या डोळ्यांसमोर! त्या वेळी माझ्याएवढा शहाणा माणूस खालापूर तालुक्यात नव्हता.

हवा भरली. चाक चढवलं. जॅक खाली घेतला आणि... फुस्स.

मी टॉमी मोरीखाली भिरकावली. सोल्यूशनला शिव्या, पॅचला शिव्या, किट विकणाऱ्याला शिव्या. शैला खाली उतरली. इस्त्रीची साडी, हातात सर्टिफिकिटांची पिशवी.

"आतून हात फिरवलास का रं?"

मी डब्यात नवा पॅच शोधायला लागलो.

"टायरमधून. फिरवलास?"

नव्हता फिरवला. पॅच मारायच्या घाईत विसरलो होतो. "आधी टॉमी घेऊन ये," ती म्हणाली. गुडघाभर चिखलातून मी टॉमी शोधून आणली, टायर पुन्हा उघडला. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि बांगड्या वर सारून टायरच्या आत हळूहळू हात फिरवला. अर्ध्यावर थांबली.

"हा बघ."

खिळा होता. बैलाच्या पायाला पत्री ठोकतात ना, त्या पत्रीचा. भाताची कापणी झालीय, रस्त्यावर भाऱ्यांच्या गाड्याच गाड्या. बाहेरून त्याचं डोकं घासून टायरशी सपाट झालेलं, आतून मात्र टोक तसंच उभं. नव्या पॅचच्या शेजारीच त्याने दुसरं भोक पाडलं होतं.

तोवर अण्णा आले. खिळा पाहिला, लेकीचा काळा हात पाहिला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते एवढंच म्हणाले, "पॅच मार. पंप मी मारतो."

अकराला दहा कमी असताना शाळेच्या फाटकात जीप उभी केली. शैलाचा हात पुसूनही काळाच होता. ती तशीच आत गेली.

काल कळलं, तिला घेतलं. सोमवारपासून शाळा.

आज मी स्टेपनी खांद्यावर टाकून त्या पायरीवर गेलो. चढण्याआधी दोनदा घुटमळलो, खोटं कशाला सांगू. अण्णांनी टायर उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. मी आतून हात फिरवला, पूर्ण गोल. मग त्यांनी पॅच मारला.

निघताना मागून आवाज आला, "टाचणी नको टोचत जाऊ रं. ट्यूब फुकट जाते. नुसता ये."

आता गंमत बघा... 'नुसता ये' म्हणाले आणि सोमवारपासून शैला दुपारी दुकानात नाही! पण मी जाणार. आणि सकाळी कर्जतहून पनवेलला सुटणारी जीप माझीच आहे, स्टेपनी एकदम टाईट.

लोधिवलीच्या रस्त्यावर ज्या कुणा बैलाची पत्री ढिली झाली, त्या बैलाचे मात्र मनापासून आभार.