मालूची नात लख्ख दिसते

नुकतंच घेतलेलं नेट तोडून मी शेजारच्या मालूकडे आहे त्याच कंपनीचं अनलिमिटेड कनेक्शन घेतलं, हा माझा शुद्ध वेडेपणा. कारण काय, तर तिची परदेशातली नात व्हिडिओ कॉलवर लख्ख दिसते आणि माझी तोंड उघडं ठेवून अडकते. तरुणपणीही मी बावळट, मालूच्या टीव्हीवर जळून गच्चीत आमचा अँटेना फिरवत बसायचे! नव्या नेटवरही नात अडकतेच. तिच्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघताना वाटतं, या घरात अनलिमिटेड एकच आहे, माझा जळफळाट. परवा मालू शेजारी बसून आमचं अडखळतं बोलणं ऐकत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, “तुझी अडकत अडकत का होईना, तासभर बोलते गं. माझी लख्ख दिसते, पण सारखी घड्याळाकडे बघताना.”